बुधवारची साखळी-प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी घरोघरी प्रार्थना असते. या बुधवारी एकाकडे, पुढच्या बुधवारी दुसऱ्याकडे. सतरंजी, चार खुर्च्या, गीतांची पुस्तकं, पाळकसाहेबांचं थोडं बोलणं आणि शेवटी साखळी-प्रार्थना. साखळी म्हणजे गोल बसायचं आणि एकामागून एक, प्रत्येकानं आपापल्या शब्दांत, मोठ्यानं प्रार्थना करायची. एकाचं आमेन झालं की शेजारच्यानं सुरू करायचं. पुस्तकात बघायचं नाही, पाठ केलेलं म्हणायचं नाही. माझं माहेर नगरकडचं. तिथंही हीच पद्धत होती, आणि लग्न होऊन रत्नागिरीत आले तर इथंही तीच. मासे नवे, बोलण्याचा हेल नवा, घामाच्या धारा नव्या, पण बुधवारी सतरंजीवर बसले की मला आईच्या घरात बसल्यासारखं वाटायचं.

या साखळीत सगळ्यांना धास्ती असायची ती आमच्या ह्यांची. हे हायस्कुलात भूगोल शिकवायचे, त्यामुळे ह्यांच्या प्रार्थनेत अख्खा नकाशा यायचा. आधी राष्ट्रपती, मग सीमेवरचे जवान, मग कुठं भूकंप झाला असेल तर तो देश, मग महाराष्ट्र, मग घाटातले एसटीचे ड्रायव्हर, मग आपलं गाव, मग मंडळीतले आजारी, एकेकाच्या दुखण्यासकट. ज्या घरी प्रार्थना असेल तिथली बाई हळूच उठून चहाखालचा गॅस बंद करून यायची. मी कोपरानं ढोसायचे. एकदा जरा जोरात ढोसलं, तर डोळे मिटलेलेच ठेवून हे म्हणाले, "आणि प्रभू, आमच्यात जे अधीर आहेत त्यांना तू धीर दे." सगळी सतरंजी खुसखुसायला लागली. घरी येईपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही. हे मात्र वाटभर शीळ घालत होते.

खरं सांगते, मला त्या लांबलचक प्रार्थनेचा अभिमान होता. वरवर कटकट करायचे, पण दुसरं कुणी ह्यांना "मास्तर, आटपा" म्हणालं की माझ्या डोक्यात सणक जायची.

मग एका सकाळी दाढी करता करता ह्यांच्या हातातला ब्रश बेसिनमध्ये पडला. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "काय पाडलंत?" उत्तर आलं नाही. जाऊन बघते तर आरशात बघत उभे, अर्धा गाल साबणाचा, आणि तोंड वाकडं. शेजाऱ्यांच्या गाडीतून आधी इथल्या दवाखान्यात आणि तिथून सावर्ड्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. जीव वाचला. पाय हळूहळू आला, उजवा हात निम्मा आला. बोलणं आलं नाही. समजत सगळं होतं. पेपर वाचायचे, बातम्या बघायचे, मी मीठ कमी घातलं की ताट सरकवायचे. पण शब्द निघत नव्हता. "अरे... अरे..." एवढंच, आणि मग कपाळावर घाम. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बंद झालीय.

कोल्हापूरला एक मुलगी बोलण्याचे व्यायाम शिकवायची, तिच्याकडे ह्यांना नेलं. गोड पोरगी होती. तिनं चित्रांचे पत्ते दिले. कप, चमचा, छत्री, मांजर. पस्तीस वर्षं पोरांना खंडं शिकवलेल्या माणसापुढे मी मांजराचं चित्र धरून बसायचे. एक दिवस ह्यांनी तो गठ्ठा उचलला आणि सगळा कॉटखाली भिरकावला. मीही चिडले. म्हटलं, "राहू दे तिथंच. मी काही वाकणार नाही." दुपारी हे झोपले तेव्हा वाकले, काय करणार. मांजर भिंतीपाशी गेलं होतं, ते झाडूनं ओढून काढलं.

ह्यांना थोडं बसता-उठता यायला लागल्यावर मंडळी म्हणाली, पुढचा बुधवार तुमच्याकडे. किती प्रेमानं आले सगळे! मी दिवसभर शंकरपाळ्या तळल्या. गीतं झाली, पाळकसाहेब बोलले आणि साखळी सुरू झाली. प्रत्येकानं ह्यांच्यासाठीच प्रार्थना केली. फिरत फिरत साखळी ह्यांच्यापाशी आली आणि थांबली. सगळे डोळे मिटून बसले होते. मी उघडले. ह्यांचे ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. "अ... अरे..." पुढं काही नाही. शेवटी पाळकसाहेब हळूच आमेन म्हणाले.

पुढच्या बुधवारी आमच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंकडे प्रार्थना होती. त्या ह्यांच्या शेजारीच बसल्या होत्या. ह्यांच्या अलीकडच्याचं आमेन झालं न झालं तोच बाईंनी घाईघाईनं आपली प्रार्थना सुरू केली. म्हणजे ह्यांना ओलांडून साखळी पुढं गेली. ह्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. घरातला माणूस जेवायला बसलाय आणि वाढणारी पुढं निघून गेली, अशी ती नजर होती.

त्यानंतर हे गेले नाहीत. बुधवार आला की पाच वाजताच मागच्या पडवीत खुर्ची ओढून बसायचे, फणसाकडे तोंड करून. मी साडी नेसून समोर उभी राहिले तरी मान वळवायचे नाहीत. पुढंपुढं रविवारही सुटला. मी रडले, भांडले, चार दिवस अबोला धरला. तोही कुणाशी, तर ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी! माझं मलाच हसू आलं. मला ह्यांनी भाषण करायला नको होतं, राष्ट्रपतींसाठी प्रार्थनाही नको होती. मला हे फक्त त्या सतरंजीवर, माणसांत, माझ्या शेजारी परत बसायला हवे होते. एवढं एकच मागणं मी देवापाशी धरलं होतं आणि ते काही पुरं होईना.

आता शेजारणीबद्दल सांगते. आमच्या आणि तिच्या घराच्या मध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे. आम्ही प्रॉटेस्टंट, ती कॅथलिक, वेंगुर्ल्याकडची, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं मुंबईला. तीसेक वर्षं त्या गडग्यावरून बांगड्याचं तिखलं इकडं आलंय आणि माझी पुरणपोळी तिकडं गेलीय. तिच्या कोंबड्यांवरून आमची इतकी भांडणं झालीत की गल्लीतल्या लोकांनी खिडक्या उघडून ऐकावीत. तिला मुंबईला ताप आला तर मी इथं जेवले नाही, आणि मला कावीळ झाली तेव्हा तिनं माझं घर चालवलं. सगळं एकत्र केलं आम्ही. पण प्रार्थना? कधी नाही. ती तिच्या चर्चला, आम्ही आमच्या.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला ती जपमाळ घेऊन बसते. त्यांच्यात त्याला तेर्स म्हणतात. तीच तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा, कोकणीत. ती गडग्यापलीकडून आम्हाला ऐकू यायची. हे तब्येतीनं धडधाकट होते तेव्हा मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "एकच गोष्ट पन्नासदा सांगायची म्हणजे देव बहिरा आहे की काय!" पलीकडून लगेच यायचं, "आणि तुमी तासभर समजावन सांगतास, देव काय अडाणी आसा, मास्तर?" मग दोघंही खूष.

ह्यांनी बुधवार सोडला तरी मला सोडता येत नव्हता. गीतांचा सूर मी धरायचे, मी नसले की सगळं बेसूर. पण ह्यांना एकटं कसं ठेवायचं? शेजारीण म्हणाली, "तू जा गो. मी बसतंय तेंच्याजवळ. पण माजी तेर्साची येळ मी चुकवूची नाय, ती मी थंयसरच म्हणतलंय." म्हटलं, म्हण बाई, भिंतींना काय त्रास होणार आहे.

एका बुधवारी पाळकसाहेबांना ताप होता, म्हणून दोन गीतं म्हणून आम्ही लवकर उठलो. मी फाटक उघडलं. तिन्हीसांज झालेली. मागच्या पडवीतून तिचा नेहमीचा आवाज येत होता. तेर्सात मध्ये मध्ये प्रभूची प्रार्थना येते, तीच जी आम्ही रविवारी म्हणतो, जगात सगळे ख्रिस्ती म्हणतात ती. त्यांची रीत अशी की एकानं पहिली अर्धी म्हणायची आणि थांबायचं, आणि बाकीच्यांनी राहिलेली अर्धी म्हणायची. तिनं पहिली अर्धी म्हटली, कोकणीत. थांबली. आणि मग दुसरा आवाज आला. जाडसर, घोगरा, शब्द एकमेकांना चिकटलेले. पण शब्द होते! रोजच्या भाकरीची ओळ, मग क्षमेची ओळ, आमच्या मराठीत, आमच्या हायस्कूलच्या मास्तरांच्या आवाजात.

मी चप्पल काढायची विसरले. तशीच ऐकत राहिले. वर्षाच्या वर झालं होतं तो आवाज ऐकून. त्यांच्यात ती प्रार्थना जिथं संपते तिथं आमच्यात आणखी एक ओळ असते, राज्य आणि गौरवाची. तिचं आमेन म्हणून झालं तरी हे आपले पुढं चाललेच. ती माळ हातात धरून मुकाट थांबली, ह्यांचं पुरं होऊ दिलं आणि मग म्हणाली, "आमेन. तुमचा कायम लांबच आसता, मास्तर."

मी पडवीत गेले आणि जी रडायला लागले ती काही विचारू नका. हे भांबावून बघत होते. "काय झालं?" असं विचारायला गेले आणि पुन्हा "अरे... अरे..." एवढंच. मग मी शेजारणीवर घसरले.

"कधीपासून चाललंय हे?"

"झाले की तीन-चार बुधवार."

"आणि मला सांगितलं नाहीस? मी इथं देवाला साकडं घालून घालून थकले, आणि तू..."

"काय सांगाचा?" ती खरंच गोंधळली होती. "तो खंय बोलता? तो प्रार्थना म्हणता."

तिच्या लेखी बोलणं वेगळं आणि प्रार्थना वेगळी. म्हणून तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही! मी तिला शिव्याही दिल्या आणि मिठीही मारली. चहा करताना साखर दोनदा सांडली.

डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, होतं असं. लहानपणापासून पाठ असलेलं, गाण्यासारखं जिभेवर बसलेलं असतं, ते कधी कधी दुसऱ्या वाटेनं बाहेर येतं. म्हटलं, मग आता मी घरी रोज म्हणवून घेते. दुसऱ्या दिवशी सकाळीच बसले समोर. प्रार्थना सुरू केली. हे गप्प. पुन्हा केली. गप्प. मी हिरमुसले. संध्याकाळी शेजारणीला सांगितलं, तर म्हणाली, म्हणून दाखव कशी म्हणालीस. मी म्हटली. ती हसत सुटली. "अगो, तू सगळी एकटीच म्हणतंस! तू गप रवल्याशिवाय तो म्हणतलो कधी?"

खरंच की. आमच्यात ती प्रार्थना सगळे मिळून सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणतात, अर्धी सोडायची सवयच नाही. मला अर्ध्यात थांबताच येईना. जिभेला ब्रेकच नाही, ती आपली भाकरीच्या ओळीवर धावत सुटायची. ओठ दाताखाली धरून थांबायला शिकले, तेव्हा कुठं ह्यांचा आवाज आला. मग आमची रोजची सकाळ तशी सुरू व्हायला लागली. मी अर्धी, हे अर्धी. पण बुधवार? बुधवारी फणसाकडेच तोंड. साखळीत जायचं म्हणजे स्वतःचे शब्द पाहिजेत, आणि ते ह्यांच्याजवळ नव्हते.

जानेवारीत आमच्याकडे ऐक्याची प्रार्थना असते. रत्नागिरीतले सगळे ख्रिस्ती एका संध्याकाळी एकत्र येतात. एक आम्ही, एक कॅथलिक, आणि एक मिरजोळ्याच्या एमआयडीसीत भरणारी मंडळी. ते बहुतेक कंपन्यांतले कामगार. केरळचे, तमिळनाडूचे, झारखंडचे, आणि आपले कोकणातलेही. पत्र्याच्या गाळ्यात जमतात आणि ढोलकीवर अशी गीतं म्हणतात की बसलेला माणूस उठावा. ऐक्य म्हणायचं, पण दरवर्षी गंमत अशी की आम्ही पुढच्या बाकांवर, कॅथलिक डावीकडे, मिरजोळेवाले पंख्याखाली. तिघांनी आपापलं म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग चहा-समोसा आणि घरी.

या वर्षी ती प्रार्थना आमच्या चर्चमध्ये होती. कशी करायची ते ठरवायला पाळकसाहेबांच्या घरी बैठक बसली. पाळकसाहेब होते, कॅथलिकांचे तरुण फादर होते, मिरजोळ्याची मंडळी चालवणारे भाऊ होते, आणि बायकांकडून मी आणि सेक्रेटरीबाई. बाई म्हणाल्या, साखळी-प्रार्थना करू. फादर बिचारे हसले. म्हणाले, "आमची माणसं स्वतःच्या शब्दांत चारचौघांत नाही हो बोलणार. पाठ असलेलं द्या, कितीही म्हणतील." सेक्रेटरीबाई ताठ झाल्या. "पाठ केलेली प्रार्थना आमच्या मंडळीत चालायची नाही. ती मनातून यायला पाहिजे." मिरजोळ्याचे भाऊ म्हणाले, "एकेकानं कशाला? सगळे एकदम मोठ्यानं करू या, देवाला सगळं ऐकू येतं." पाळकसाहेबांना कुणालाच दुखवायचं नव्हतं, ते बिस्किटांची बशी फिरवत राहिले. अर्धा-पाऊण तास हेच.

माझं डोकं फिरलं. कप बशीत आपटला, चहा टेबलक्लॉथवर सांडला.

"कशी करायची, कशी करायची! ज्याला करता येत नाही त्याचं काय, ते एकानं तरी विचारलं का? माझा माणूस पडवीत बसलाय झाडाकडे तोंड करून. मनातून यायला पाहिजे म्हणता? त्याच्या मनात तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आहे. बाहेर येत नाही! आणि येतं ते पाठ केलेलंच येतं. मग तो काय आता मंडळीतला नाही?"

आणि मग सगळं सांगून टाकलं, पडवीतलं, तेर्साचं, अर्ध्या-अर्ध्या प्रार्थनेचं. बोलताना मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा रागही येत होता. सेक्रेटरीबाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागल्या. खूप वेळ पुसला.

"काकू," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी माझ्याकडे मी घाईनं सुरू केलं ना, ते सरांना लाज वाटू नये म्हणून केलं. सगळे वाट बघतायत, त्यांना घाम फुटलाय, मला बघवेना. मला वाटलं, मी सोडवतेय."

वर्षभर मी त्या बाईंचा मनात राग धरला होता. एका वाक्यात तो कुठं गेला कळलं नाही. मी त्यांच्या हातातला चष्मा घेतला आणि माझ्या पदरानं पुसून दिला. त्यांच्या पदराला तेल लागलं होतं, चष्मा आणखीच खराब होत होता.

मार्ग बाईंनीच काढला. म्हणाल्या, साखळीच करू, पण लांब प्रार्थना नको. प्रत्येकानं देवाचे आभार कशासाठी मानायचे ते एकच सांगायचं. एक वाक्य, नाहीतर एक शब्द. आणि प्रत्येकाच्या मागून सगळ्यांनी मिळून एकच उत्तर द्यायचं. ज्याला स्वतःचं सांगायला जमणार नाही त्यानं नुसतं उत्तर दिलं तरी तो साखळीत आलाच. फादर म्हणाले, उत्तर द्यायला आमची माणसं पटाईत आहेत. मिरजोळ्याचे भाऊ म्हणाले, उत्तर छोटं ठेवा, आमच्यातल्या निम्म्यांना मराठी येत नाही. म्हणून ठरलं, "देवा, तुझे उपकार." एवढंच.

घरी येऊन ह्यांना समजावलं. नुसतं उत्तर द्यायचंय, तेही सगळ्यांबरोबर. सकाळच्या प्रार्थनेनंतर रोज ते तीन शब्द म्हणवून घेतले. तेवढे यायला लागले. त्या संध्याकाळी शर्ट घातला, बटणं मी लावली, आणि निघायच्या वेळी हे खाली बसले ते उठेनात. मी ओढलं, विनवलं. ह्यांनी मान फिरवली. माझा धीरच सुटला. तेवढ्यात शेजारीण जरीकाठाची साडी नेसून, पावडर लावून दारात उभी.

"काय ओ मास्तर, येतास ना? थंय तुमचे सगळे लांबण लावणारे. माका उत्तर देवक कोण तरी आपला माणूस नको?"

ह्यांनी तिच्याकडे बघितलं. मग खुर्चीच्या हातावर जोर दिला आणि उठले.

चर्चमध्ये सेक्रेटरीबाईंनी बाक भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या, गोल, एकात एक. दारात उभ्या राहून त्या प्रत्येकाला हाताला धरून बसवत होत्या, एक इथला, एक तिथला. आमच्या ओळीत आधी शेजारीण, मग हे, मग मी, आणि माझ्या पलीकडे झारखंडचा एक कामगार, मिरजोळ्याच्या कंपनीतला.

साखळी सुरू झाली. फादर म्हणाले, "माझ्या आईचा रोज फोन येतो." सगळे म्हणाले, "देवा, तुझे उपकार." पहिल्यांदा जरा चाचरतच म्हणाले. मिरजोळ्याचा एकजण म्हणाला, "पक्की नोकरी लागली." "देवा, तुझे उपकार." एक कॅथलिक म्हातारे, ज्यांच्याबद्दल फादर म्हणाले होते की हे तोंड उघडणार नाहीत, तेही म्हणाले, "सून माझ्याशी बोलायला लागली." लोक हसले आणि उत्तर दणक्यात आलं. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "सर आज आले." "देवा, तुझे उपकार." तेव्हा माझ्या शेजारून, सगळ्यांच्या किंचित मागून, ह्यांचाही आवाज आला. पुढच्या वेळेला तो बरोबर आला. मी समोर बघत बसले. मला वळून बघायचं धाडस होईना.

एकेकाचं सांगणं ऐकता ऐकता मी माझं वाक्य मनात घोकत होते. आठवडाभर तयार केलं होतं. सगळ्या मंडळ्यांबद्दल, एकोप्याबद्दल, छान वाक्य होतं. अशी संधी मी सोडते होय?

शेजारणीचा नंबर आला. "माजो गुडघो," ती म्हणाली, "अजून चलता." "देवा, तुझे उपकार."

मग ह्यांचा नंबर. ह्यांनी बोलायची गरज नव्हती, तसं ठरलंच होतं. हे गप्प राहिले की मी माझं वाक्य म्हणायचं. मी तोंड उघडलं आणि ह्यांच्या श्वासाचा आवाज ऐकला. जोर लावताना यायचा तसा. "अ..." मी तोंड मिटून घेतलं. सगळं चर्च थांबलं. मनात म्हटलं, आता कुणी घाई करू नका रे बाबांनो, कुणीही ह्यांना ओलांडू नका. कुणी ओलांडलं नाही. माझी बोटं पदराच्या टोकाला इतकी पीळ घालत होती की नंतर बघितलं तर शिवण उसवली होती.

ह्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या मनगटावर ठेवला.

"ही," हे म्हणाले.

"देवा, तुझे उपकार." अख्खं चर्च म्हणालं. कॅथलिक, मिरजोळेवाले, आमचे, सगळे, एका आवाजात.

आता माझा नंबर होता. ते आठवडाभर घोकलेलं वाक्य मी शोधलं, सापडेना. दुसरं काहीतरी म्हणावं म्हटलं, तर तेही येईना. ओठ हलवले, पण आवाज निघाला नाही. मी, जिला गप्प बसवायला उभ्या रत्नागिरीत कुणाला जमलं नव्हतं, मी तिथं चारशे डोळ्यांसमोर नुसती तोंड उघडून बसले होते. शेजारचा झारखंडचा माणूस खाली मान घालून थांबला होता. पाळकसाहेब थांबले होते. सेक्रेटरीबाई रडत होत्या, पण त्याही थांबल्या होत्या.

मग माझ्या मनगटावरचा हात घट्ट झाला आणि जाडसर, घोगऱ्या आवाजात, सगळ्यांच्या आधी, एकट्यानं हे म्हणाले, "देवा, तुझे उपकार."

आणि त्यांच्या मागून सगळं चर्च म्हणालं.